बालविज्ञान जत्रेत स्वयंसेवक व्हायचंय? सांगलीकरांसाठी टप्प्याटप्प्याने

जानेवारी-फेब्रुवारीत सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात शाळा-कॉलेजांमधून विज्ञानाचे कार्यक्रम भरायला लागतात. त्यांत दोन प्रकार असतात. एकात थर्माकोलचे ज्वालामुखी आणि पुठ्ठ्याचे पवनचक्कीवाले देखावे मांडलेले असतात. मुलं हात मागे बांधून रांगेने बघत जातात आणि पाहुणे फीत कापून चहाला जातात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक टेबलावर मुलाने स्वतः काहीतरी करून बघायचं असतं. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे. तिथे दरवेळी माणसं कमी पडतात, आणि नवीन येणाऱ्याला नेमकं काय करायचं हे कुणी धड सांगत नाही.

काम तसं सोपं आहे. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलाच्या हातात वस्तू जायला हवी. तुमच्या हातात ती जितकी कमी वेळ राहील तितकं बरं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

१. जत्रा शोधा आणि लवकर विचारा

चौकशी शाळेतल्या विज्ञान शिक्षकांपासून सुरू करा. कॉलेजात असाल तर रासेयोचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, कार्यक्रम अधिकारी गाठा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे आणि गावोगावी तिचे विभाग आहेत. जवळपास एखादा असेल तर तिथेही विचारा.

विचारायची वेळ डिसेंबर. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असला तरी त्या सुमाराला बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू असतात. शाळा परीक्षा केंद्र असेल तर मैदान मिळत नाही आणि लाऊडस्पीकरही लावता येत नाही. म्हणून बऱ्याच जत्रा जानेवारीत किंवा एखाद्या रविवारी उरकतात. फेब्रुवारीत फोन केलात तर ‘कालच झाली की’ असं उत्तर मिळू शकतं.

आयोजकांना एवढं विचारून घ्या: मुलं कितवीची आणि साधारण किती? मांडव आहे की वर्गखोल्या? सामान कोण आणणार, आणि पैसे आधी मिळतात की पावती दिल्यावर? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. नंतर विचारणं जास्त अवघड जातं.

विज्ञानाची पदवी लागत नाही. टेलरिंग करणारी ताई, सुतारकाम जाणणारे काका, निवृत्त गुरुजी ही माणसं टेबलावर उत्तम चालतात, कारण त्यांना हातातली वस्तू कळते. पहिल्या वर्षी टेबल एकट्याने अंगावर घेऊ नका. कुणाचे तरी मदतनीस व्हा. किंवा नोंदणी, पाणी, रांग यांपैकी एक काम घ्या. रांगेचं काम कमी प्रतीचं समजतात, पण जत्रा बिघडते ती तिथेच.

२. कागदपत्रं

- आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो, ओळखपत्रासाठी
- घरच्या एका माणसाचा नंबर आणि तुमचा रक्तगट
- वय अठराच्या आत असेल तर पालकांचं सहीचं संमतीपत्र
- रासेयोचे तास धरायचे असतील तर कॉलेजचं पत्र. वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात हे काम बसतं का ते कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून आधीच वदवून घ्या
- काही आयोजक पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. तो एका दिवसात हातात पडत नाही, अर्ज लवकर टाका

दाखला मागितला म्हणून रागावू नका. मुलांमध्ये काम करायचं तर ही चौकशी व्हायलाच हवी. कुणीच काही विचारलं नाही, तर उलट तुम्ही विचारा की जत्रेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे.

३. टेबल कुठलं घ्यावं

इंटरनेटवरून प्रयोग उचलण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या मालाकडे बघा. स्वस्त पडतो, आणि मुलाला वस्तू घरची वाटली की ते बोलायला लागतं.

*हळद.* सांगलीत हळदीचं टेबल नसेल तर नवलच. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत तांबूस होतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून थोड्या स्पिरिटमध्ये हळद कालवून गाळा आणि त्यात जाड पांढरा कागद बुडवून वाळवा. हे घरी, मोठ्या माणसाने, गॅसपासून लांब करायचं. स्पिरिट जत्रेत आणायचं नाही. पट्ट्या झाकणाच्या डब्यात ठेवा, उन्हात रंग उडतो.

जत्रेत मुलांना कापसाची काडी आणि तीन वाट्या द्या: साबणाचं पाणी, लिंबाचा रस, साधं पाणी. मूल साबणाच्या पाण्याने पट्टीवर नाव लिहितं, अक्षरं लाल उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळी होतात. इथे एक खाच आहे. भांडी घासायच्या बऱ्याच जेलने रंग बदलत नाही, कारण ती जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असतात. खायच्या सोड्यानेही रंग फिकाच बदलतो. कपडे धुवायच्या वडीचा साबण पाण्यात थोडा विरघळवून घ्या, रंग झटकन येतो. चुन्याच्या निवळीने तर फारच सुंदर येतो, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते. लहान मुलांच्या टेबलावर तो नकोच. सोबत आलेल्या आयांना सांगा की पारंपरिक कुंकू याच रासायनिक क्रियेने, हळदीवर अल्कली चढवून करतात. मग टेबलाभोवती त्यांचीच गर्दी होते.

गणवेशावर डाग पडणारच. घरी धुताना तो लाल झाला म्हणून घाबरू नका, साबणामुळे होतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. उन्हात वाळवला की फिका पडतो.

*बेदाणा.* दोन प्रयोग होतात. सोड्याच्या ताज्या बाटलीतून पारदर्शक ग्लासात सोडा ओता आणि त्यात चार-पाच बेदाणे सोडा. सुरकुत्यांना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चिकटतात, बेदाणा वर येतो, वर बुडबुडे फुटले की खाली जातो. दुसरा संथ आहे: आदल्या रात्री काही बेदाणे साध्या पाण्यात, काही साखरेच्या दाट पाकात घालून ठेवा. सकाळी पहिले टम्म फुगलेले असतात, दुसरे तसेच. पाणी कुठून कुठे गेलं आणि का गेलं, हे मुलांनाच ओळखू द्या.

तासगावकडचं मूल आलं तर त्याला बोलू द्या. द्राक्षं वाळत घालण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्याने सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. शेडवर वाढलेल्या पोराला हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. ‘आमच्याकडं असंच करत्यात ओ सर’ म्हणून ते सुरू झालं, की पाच मिनिटं तुम्ही गप्प बसलात तरी टेबल चालतं.

*तार.* मिरजेची सतार आणि तंबोरा यांचं नाव देशभर आहे, आणि आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांनी ही वाद्यं हाताळलेली नसतात. खऱ्या वाद्याची गरज नाही. एका फळीवर दोन खिळे, ताणलेली एक बारीक पोलादी तार, तिच्याखाली सरकवायला लाकडाचा तुकडा आणि शेजारी मोजपट्टी. पूर्ण तारेचा सूर सा धरा. बरोबर निम्म्यावर वरचा सा मिळतो, दोन-तृतीयांशावर पंचम, तीन-चतुर्थांशावर मध्यम. पट्टीवर खुणा आधी करू नका. ‘वरचा सा कुठे सापडतो?’ एवढंच विचारा. मुलं कानाने शोधतात, मग मोजतात, आणि आकडा नेमका अर्धा आला की एकमेकांकडे बघतात. वर्गात गाणारी एक तरी मुलगी असतेच, तिला पहिली पाळी द्या. हे टेबल लाऊडस्पीकरपासून लांब मागून घ्या. माझ्या मते सगळ्या जत्रेत यापेक्षा चांगलं टेबल नाही, पण ते मांडायला माणसं कचरतात कारण दिसायला साधं आहे.

*सावलीची काठी.* मोकळ्या जागेत एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर मुलांकडून खूण करून घ्या. बहुतेक जण १२ वाजता सर्वांत आखूड सावली शोधतात आणि गोंधळतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरचं आहे, सांगली साधारण ७४.६ वर. त्यामुळे सूर्य आपल्याकडे सुमारे ३२ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. फेब्रुवारीअखेरीस पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या अक्षामुळे आणखी बारा-तेरा मिनिटांची भर पडते. म्हणून २८ फेब्रुवारीच्या सुमारास सांगलीत सर्वांत आखूड सावली १२ वाजून ४४ मिनिटांच्या आसपास पडते, आणि एक मीटरच्या काठीची ती साधारण ४६ सेंटिमीटर भरते. जेवणाची सुट्टी याच वेळेला असते! आयोजकांना सांगून एक तुकडी मागे ठेवून घ्या. ‘दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो’ हे वाक्य सांगलीत वर्षातून दोनदाच खरं असतं, मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

या टेबलाचा एकच कडक नियम आहे. सूर्याकडे कुणीही थेट बघायचं नाही. दुर्बिणीतून, गॉगलमधून, एक्स-रेच्या फिल्ममधून, कशातूनही नाही. सूर्य दाखवायचाच असेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्या. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर ठेवलं तर सूर्य जवळपास नऊ मिलिमीटरचा दिसतो.

*फुगा आणि कागदाचे कपटे.* घासलेल्या फुग्याने कपटे उचलणं फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत हमखास जमतं. जत्रा पावसाळ्यात असेल तर हा प्रयोग सोडून द्या. दमट हवेत विद्युतभार टिकत नाही.

४. काय नको

पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनने पेट घेणारा ‘मंत्राचा अग्नी’ बुवाबाजीविरोधी कार्यक्रमांत जाणकार मंडळी करतात. त्यांना ते शोभतं आणि साधतंही. मुलांच्या टेबलावर तो नको, कारण मूल घरी जाऊन तो करणार. तीव्र आम्लं, संडास साफ करायचं ॲसिड, फटाक्याची दारू यांचा विषयच नको. मेणबत्ती लागणारच असेल तर ओढण्या आणि मोकळे केस आधी बांधून घ्या, वाळूची बादली शेजारी ठेवा.

जिवंत साप अजिबात नाही. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे आपल्याकडे ‘एखादा सर्पमित्र बोलावू, मुलं खूश होतील’ ही सूचना हमखास येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि सापांचं प्रदर्शन त्याखाली गुन्हा ठरतं. सर्पमित्र जरूर बोलवा, चित्रं घेऊन यायला सांगा.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ करण्याचा प्रयोग पुस्तकात छान दिसतो. दहातलं एक मूल फुंकण्याऐवजी ओढतं. तो टेबलामागे तुम्हीच, पंपाने करा, नाहीतर वगळा.

५. सामान

बहुतेक गोष्टी गणपती पेठ आणि हरभट रोडच्या फेरीत मिळतात. हळद-बेदाणा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून घ्या, जत्रेसाठी म्हटलं की बऱ्याचदा पैसे घेत नाहीत.

टेबलावर हवंच: फडकी (कापडी, भरपूर), पाण्याची बादली आणि मग, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, कात्री, सुतळी, मार्कर, कचऱ्याची पिशवी, झाकणाचे डबे. प्रत्येक गोष्ट दुप्पट आणा. दुपारपर्यंत कापसाच्या काड्या संपतात आणि त्या वेळी दुकानात धावायला कुणी मोकळं नसतं.

तुमच्या पिशवीत टोपी, पाण्याची बाटली, चिवडा किंवा शेंगदाण्याची चिक्की, आणि छोटी वही. वही कशाला ते पुढे येईल. कपडे सुती आणि डाग पडले तरी चालतील असे.

६. रंगीत तालीम

घरी प्रयोग जमला म्हणजे टेबल जमलं असं नव्हे. शेजारची चार-पाच मुलं गोळा करून घड्याळ लावा. हिशेब असा: एका वेळी पाच मुलं, प्रत्येक फेरी चार मिनिटांची, म्हणजे तासाला ७५ मुलं. चार तासांत ३००. ही संख्या टेबल एकदाही न थांबता चाललं तर मिळते. मध्ये पुसणं, भरणं, पाणी पिणं धरलं की दोनशे-सव्वादोनशेवर येते. तुमचा प्रयोग फेरीला आठ मिनिटं घेत असेल तर शंभराच्या आसपास मुलं होतील, बाकीची रांगेतून परत जातील. मग प्रयोग छाटा. समजावणं आधी छाटा, करणं शेवटी.

तालमीत स्वतःला एक बंधन घाला: पहिलं वाक्य प्रश्न असला पाहिजे. ‘मुलांनो, आज आपण पाहणार आहोत…’ असं सुरू झालं की समोरच्यांचे डोळे मांडवाच्या छताकडे जातात.

७. प्रत्यक्ष दिवस

मुलांच्या आधी दीड तास पोचा. टेबल मांडून झालं की संडास, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी आणि हरवलेल्या मुलांना आणून बसवायची जागा स्वतः पायाने जाऊन बघा, कारण दिवसभर मुलं तुम्हाला हेच विचारणार आहेत. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी, १०९८ मुलांच्या मदतीसाठी, हे तीन नंबर ओळखपत्राच्या मागे लिहा.

वेळापत्रक कोलमडणार हे धरून चला. ऊसतोडीचा हंगाम चालू असतो, रस्त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खेड्यातल्या शाळेची गाडी तासभर उशिरा येते आणि मग तीन शाळा एकदम उतरतात. अशा वेळी रांगेतल्या मुलांच्या हातात काहीतरी द्या. हळदीच्या टेबलाला ‘कोणती वाटी पट्टी लाल करेल?’ याचा अंदाज कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घेता येतो. वेळही जातो आणि टेबलाशी येईपर्यंत मुलांनी एक बाजू घेतलेली असते.

हे लोक तुमच्या टेबलावर नक्की येतील:

सगळं पुढे होऊन करणारा मुलगा, आणि त्याच्या मागे हात न घालणाऱ्या दोन मुली. पहिल्याला ‘तू आता यांना शिकव, पण हात न लावता’ असं सांगा. काम होतं.

मुलाचं उत्तर स्वतः देणारे शिक्षक. त्यांना आदराने खुर्ची द्या, पाणी द्या, ‘सर, तुमचा अंदाज शेवटी घेतो’ म्हणा.

फोटोवाले. त्यांना रांगेच्या वेळी फोटो काढू द्या, प्रयोगाच्या वेळी नको. तुम्ही स्वतः मुलांचे चेहरे स्टेटसला टाकू नका. शाळेने परवानगी घेतली असेल तर ते टाकतील.

कुठल्याही मुलाला एकट्याने बंद खोलीत, गाडीत, संडासाकडे घेऊन जायचं नाही. दुसरा स्वयंसेवक किंवा त्यांच्या बाई सोबत हव्यात. मूल रडत असेल तर खाली बसून बोला, उघड्यावर. एखाद्या मुलाने घरचं किंवा शाळेचं काही गंभीर सांगितलं तर उलटतपासणी करू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, लगेच जबाबदार व्यक्तीकडे जा.

दर दीड तासाला जागा बदलून घ्या. घसा बसतो आणि आवाज नकळत चढतो.

८. प्रश्नांना उत्तरं

आता ती वही. मुलांचे प्रश्न तिच्यात लिहा, मुलासमोर, त्याचं नाव न लिहिता. ‘हे मला नाही माहीत, आपण शोधू’ हे वाक्य सहज म्हणता आलं पाहिजे. ओढूनताणून दिलेलं उत्तर मूल घरी जसंच्या तसं सांगतं.

काही प्रश्न ठरलेले असतात, त्यांची तयारी करून जा. ‘विज्ञान दिन कशाचा?’ बऱ्याच फलकांवर सी. व्ही. रामन यांचा जन्मदिवस म्हणून छापलेलं असतं. ते चूक आहे. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा शोध लावला, त्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं, आणि १९८७ पासून हा दिवस पाळला जातो. नागमणी असतो का, नाग दूध पितो का, हेही येणारच. ‘नाही’ म्हणून थांबू नका, ‘ते खरं की खोटं हे आपण कसं तपासू?’ असं विचारा. मुलाच्या आजीला मूर्ख ठरवायचं नाही. संध्याकाळी ते मूल आजीकडेच परत जाणार असतं.

आणि पूर. नदीकाठच्या मुलांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी तोंडपाठ असते: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर. ‘पुन्हा येईल का?’ या प्रश्नाला भविष्य सांगू नका. धरणाचा विसर्ग, वरच्या खोऱ्यातला पाऊस, नदीचा उतार यांवर बोला. एखाद्याचं घर त्यात गेलेलं असतं, तेव्हा आवाज जरा खाली ठेवा.

९. आवराआवर

शेवटची शाळा गेली की निम्मे स्वयंसेवक गायब होतात. तुम्ही थांबा. साबणपाणी आणि लिंबाचा रस मोरीत, बेदाणे आणि सालं ओल्या कचऱ्यात, तार गुंडाळून वेगळी, खिळे मोजून परत. मैदानावर सकाळी प्रार्थनेला मुलं अनवाणी उभी राहतात.

पावत्या त्याच संध्याकाळी आयोजकांकडे द्या आणि झेरॉक्स ठेवा. प्रमाणपत्रावर नावाचं ऱ्हस्व-दीर्घ, तारीख आणि तास तपासून सही तिथेच घ्या. महिन्याने कॉलेजात मागायला गेलात तर सही करणारे सर परीक्षेच्या कामात असतात. वहीतले प्रश्न आयोजकांच्या बैठकीत वाचून दाखवा. पुढच्या वर्षी कुठली टेबलं मांडायची ते त्यातूनच ठरतं.